सीमोल्लंघन टाकीपर्यंत

सोसायटीचे चेअरमन भाऊसाहेब सरंजामे यांच्या डोळ्यांत कुमुदताईंची छोटी गाडी खुपायची. "फाटकाची शोभा जाते. ती मागे, पाण्याच्या टाकीपाशीच उभी राहील," असा त्यांनी नियमच काढला. ताईंनी गाडी टाकीपाशी नेऊन लावली.

दसऱ्याला भाऊसाहेबांनी फाटकाशी आपल्या ऐसपैस गाडीची पूजा मांडली. गाडीचे दिवे चालू, आत आरत्या चालू, इंजिन मात्र बंद. नारळ फोडून चावी फिरवली, तर बॅटरी पार उतरलेली!

"कुमुदताई, जंपर केबल आहे ना तुमच्याकडे? आणा तुमची गाडी इकडे, तिच्या बॅटरीला जोडून माझी चालू करू."

ताई गोड हसल्या. "आणली असती हो, पण फाटकाची शोभा जाईल! तुमचीच आणा की टाकीपाशी."

सगळ्यांदेखत भाऊसाहेबांचं सीमोल्लंघन झालं, फाटकापासून टाकीपर्यंत, गाडी ढकलत.