कोनाचा आकडा

कबड्डीपटू नूतन घारगेने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सिलिंड्रिकल नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन मागवल्या. त्या घातल्यावर मैदानावरची रेषा दोन-दोन दिसू लागली. चिठ्ठीत या नंबरचा कोन एकशेऐंशी अंश होता, डबीवर नव्वद. सामना चार दिवसांवर आला होता, म्हणून ती थेट कंपनीच्या कचेरीत गेली.

व्यवस्थापक दप्तरदारांपुढे नुकताच चहा आला होता. ते म्हणाले, "अहो, नंबर तोच आहे. फक्त आडव्याचं उभं झालंय. एवढ्याने काय बिघडतं?"

"काहीच नाही," म्हणत नूतनने त्यांचा भरलेला कप उचलून फायलींवर धरला. "कप तोच, चहा तोच. फक्त उभ्याचा आडवा करते."

"थांबा, थांबा!" दप्तरदारांनी दोन्ही हातांनी कप धरला. मग बदलीच्या लेन्सची ऑर्डर त्यांनी स्वतः भरली आणि कोनाचा आकडा तिच्याकडून दोनदा वाचून घेतला.