न मिळालेला निरोप

सभापती जयसिंगराव आणि शालन वेगळे राहत. लेक रेवती शालनकडे असे. तिचा ताबा मागायला आलेले जयसिंगराव कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंपुढे गरजले, "ही मला लेकीचं काही म्हणजे काही कळवत नाही!"

शालननं मोबाइलवर लिहिलेले निरोप दाखवले: रेवतीची शाळा, परीक्षा, परवाचा खोकला.

"यातला एकही मला मिळाला नाही!"

शालनला वाटलं, लेक जाते की काय! मग ती म्हणाली, "बाई, आजची सकाळची भेट तुम्ही दुपारवर ढकललीत आणि यांना कळवायचं काम माझ्यावर सोपवलंत. तेही मी या मोबाइलवरच लिहिलं. मग सभापती, दुपारी यायचं तुम्हाला स्वप्न पडलं का?"

बाई हसून सभापतींना म्हणाल्या, "ताबा राहू द्या, आधी निरोपांना उत्तरं द्यायला शिका."

जयसिंगरावांनी अर्ज मागे घेतला. संध्याकाळी शालनचा मोबाइल वाजला. त्यांनी लिहिलं होतं, "रेवतीचा खोकला कसा आहे?"