घाटातली ज्योत

“दुखतंय गुडघ्यात, आणि तुम्ही खुब्यावर कशाला बोटं दाबताय, वस्ताद?”

इंद्रजित वैतागला होता. नवरात्र तोंडावर आलेलं. गडावरच्या देवीची ज्योत पळत गावात आणायची, आणि त्यातली घाटाची उतरण दरवर्षी त्याची एकट्याची. यंदा सरावात निम्मा घाट उतरला, की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी फिरल्यासारखं व्हायचं.

“डॉक्टर काय म्हणलं?” गणपा वस्तादांनी विचारलं.

“खुब्यापासनं गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरनं एक पट्टा असतोय म्हणं. तो दुखावलाय. थोडे दिवस घाटात पळू नका, कुशीवर पडून पाय उचलायचा व्यायाम करा.”

“केलास?”

“...तालमीत पडून पाय उचलू? पोरं हसतील.”

वस्तादांनी त्याला दुखऱ्या पायावर उभं केलं. दुसऱ्या बाजूची कंबर हळूच खाली कलली.

मग कुशीवर निजवलं, दुखरा पाय वर उचलायला लावला आणि घोट्यावर नुसता तळवा ठेवला. पाय लटलटा कापायला लागला. बैठकांना कधी न दमणारा गडी घामाघूम झाला.

“खुबा झोपलाय तुझा. मग त्याचं काम कोण करतंय?”

“...गुडघा.”

“हाल केलंस की बिचाऱ्याचं.”

वस्ताद तिथंच तांबड्या मातीत बसले आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. इंद्रजित धडपडून उठला.

“वस्ताद, माझ्या पायाला हात नका लावू.”

“गप पड.”

तो पडला. वस्तादांना पोरबाळ नव्हतं. होता तो हाच, आणि तालमीत सगळ्यांत जास्त शिव्याही यालाच.

“ज्योतीमागं टेम्पोत कोण असतं?”

“आपलीच पोरं. सपाटीला आळीपाळीनं पळत्यात. घाटात मी कुणाच्या हातात देत न्हाई.”

“यंदा दे.”

इंद्रजितनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“घाटात वारं लई असतंय, वस्ताद. त्यांच्या हातात इझली तर?”

वस्तादांनी त्याचा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला.

“तुझ्या हातात देताना मला बी असंच वाटलं हुतं.”