बोरीच्या जाळीतला प्रशिक्षक

पोरांनो, एका जंगलात ओढ्याकाठच्या उंबरावर एक म्हातारा कावळा राहत असे. जंगलाच्या संघाचा कबड्डीचा एकही सामना त्यानं बुडवला नव्हता. पण संघाचा प्रशिक्षक मोर त्याला डोळ्यांसमोर नको असे. मोराचं नाव दहा जंगलांत गाजलेलं. का, तर तीन वर्षांमागं त्यानं करंडक आणला. अहो, ओढ्याला पूर आला, समोरचा संघ पोचलाच नाही, म्हणून पुढे चाल मिळाली. "यात मोरानं काय केलं, पूर आणला?" असं कावळा भेटेल त्याला विचारी. कोणी ऐकत नसे.

यंदा डोंगरापलीकडच्या रानडुकरांशी पैज लागली. हरेल त्यानं उंबरावरचा हक्क सोडायचा. म्हणजे जंगलाचा संघ हरला, तर कावळ्याचं घरटंच गेलं. आणि सामना सुरू झाल्यावर मोर काय करतोय, तर दर चढाईला आपल्या लाडक्या सशालाच धाडतोय. ससा पाय मुरगळून लंगडत होता. तीनदा गेला, तीनदा कोणाला न शिवता परत आला. चपळ मुंगूस आपला उगाच उभा.

गुण बरोबरीत आले, शेवटची चढाई उरली. मोरानं पुन्हा सशाला खूण केली, तसा कावळा म्हणाला, "अरे शहाण्या, त्याचा पाय बघ. मुंगसाला धाड."

"कावळेबुवा, करंडक मी आणलाय," मोर म्हणाला. "तुम्ही गप उंबरं खा."

"पुढल्या वर्षीही खायला मिळावीत म्हणूनच बोंबलतोय."

मोराला राग आला. त्यानं पिसारा फुलवला, कावळ्याकडे पाठ केली आणि ऐटीत मागं सरकत सरकत थेट बोरीच्या जाळीत गेला. पिसं काट्यांत अडकली. सगळे बघतच राहिले.

"मुंगसा, आता कोणाला विचारतोस? जा," कावळा म्हणाला.

मुंगूस घुसला. एका डुकराला शिवला, दुसऱ्याच्या पोटाखालून निसटला आणि रेषेवर येऊन पडला. सामना जिंकला, उंबर वाचला.

मग सगळे हार घेऊन धावले ते बोरीकडे. म्हणे, काय डोकं चालवलं, स्वतः काट्यांत शिरून डुकरांचं लक्ष उडवलं. मोरानंही लाजल्यासारखं करून मान पुढं केली. कावळ्यानं कपाळावर पंख मारून घेतला आणि खो खो हसला. मग झाडावरचं सगळ्यात पिकलेलं उंबर तोडून त्यानं धापा टाकणाऱ्या मुंगसापुढं टाकलं.

तात्पर्य : गळ्यात हार घालण्याआधी घाम कोणाला आलाय ते बघून घ्यावं.