सरनोबतांची सुरवार

गडावरचा लढाईचा देखावा दुसऱ्या दिवशी होता. चाळीस मावळ्यांचे अंगरखे आणि सुरवारी सविताने तान्ह्या लेकीला सांभाळत शिवल्या होत्या. पथकाचे प्रमुख जयसिंगराव स्वतःला सरनोबत म्हणवून घ्यायचे. त्यांनी स्वतःही सुरवार चढवली, सगळ्यांना कपडे घालायला लावून रांगेत उभं केलं आणि एक शिवण तपासली.

"ही मशीनची टीप. त्या काळी मशीन होतं का? सगळं एकसारखं आणि अस्सल पाहिजे. उसव आणि उद्यापर्यंत हाताने शिव. नाहीतर यापुढे काम दुसरीकडे."

सविताने रांगेकडे पाहिलं. चाळीस जणांचे कपडे एका दिवसात कसे व्हायचे? लेक रडायला लागली. तिने तिला कडेवर घेतलं आणि कात्री उचलली.

"बरं दादा, उसवते. सुरुवात तुमच्यापासून. बाकी सगळ्यांच्या सुरवारीला नाडी आहे. तुम्ही मात्र नाडी काचते म्हणून गुपचूप इलास्टिक घालून घेतलंत. त्या काळी तेही नव्हतं. उभे राहा, आत्ताच ओढून काढते."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. जयसिंगरावांनी दोन्ही हातांनी कंबर धरली.

"राहू दे. टीप चांगली आहे," ते पुटपुटले.

"मग रांगेतल्या शेवटच्यालाही ऐकू जाईल असं सांगा, दादा," सविता म्हणाली. कात्री अजून तिच्या हातातच होती.