पांडवांनी न बांधलेला घाट

सोनतीर्थाला मंदा नदीतून होडीची फेरी घेतली, तर पहिल्याच घाटाशी नावाडी तुम्हाला धडधडीत खोटं सांगतो. "हा घाट पांडवांनी एका रात्रीत बांधला," असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणतो. खरं तर कोण्या दीक्षितांनी आईच्या स्मरणार्थ तो बांधला, हे वरच्या कमानीवर कोरलेलं आहे आणि शाळकरी पोरालाही ते वाचता येतं. होडीतलं कोणी ना कोणी ते वाचतं आणि म्हणतं, "अहो, इथे तर वेगळंच लिहिलंय." नावाडी मान डोलावतो, "बरं झालं सांगितलंत" म्हणतो आणि वल्हं मारू लागतो. पुढच्या दहा घाटांची माहिती मात्र तो चोख देतो. वेधशाळेचा चौथरा, जुन्या पाठशाळांच्या ओवऱ्या, त्यांच्याच जागी उभं राहिलेलं विद्यापीठ, ग्रंथालयाची नदीकडे उघडणारी खिडकी, कशात अक्षराची चूक सापडायची नाही.

नवखे लोक हसतात. काही चिडतात. एका विद्वान पाहुण्यांनी तर या अज्ञानाबद्दल लेखी तक्रार केली होती म्हणे. ज्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या या घाटाची होडी आहे, त्या सगुणाबाई भोई अशा माणसाशी वाद घालत नाहीत. त्या होडी अकराव्या घाटापुढच्या डोहापाशी नेतात, वल्हं पाण्याबाहेर उचलून धरतात आणि सांगू लागतात. त्यांनी सांगितलं तसंच हे आहे.

सोनतीर्थात त्या काळी एकवीस पाठशाळा होत्या. दर वर्षी कार्तिकात पंडितांची सभा भरे आणि वाद तीन तीन दिवस चाले. जो जिंके त्याला शाल मिळे, हे कुठेही असतं. इथली रीत हरणाऱ्यासाठी होती. हरलेल्यानं आपली पोथी जिंकलेल्याच्या पुढ्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना होडीत बसून गाव सोडायचं. पैलतीर लागेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यानंही कोणाशी बोलायचं नाही. शहाण्यांच्या गावात असल्या रीती कोण काढतं देव जाणे, पण एकदा निघाल्या की त्या मोडायला शहाणं माणूस पुढे येत नाही.

हरलेल्याला पलीकडे नेण्याचं काम लिंबा भोयाकडे होतं. पैलतीराचा उतार अकराव्या घाटाच्याही पुढे होता, म्हणून होडी सगळ्या घाटांपुढून जाई. अक्षरशत्रू माणूस, पण हाताला होडीची जाण अशी की होडीत कोण बसलं हे तो डोळे मिटून सांगे. एका कार्तिकात नागेशभट नावाचा पंडित सभेत हरला. पंधरा वर्षं त्यानं एकच शास्त्र घोकलं होतं. भर सभेत त्याला एका ओळीच्या पुढची ओळ विचारली आणि ती त्याला आठवली नाही. समोर त्याचे गुरू बसले होते. त्यांनी मान फिरवली. ओळ गेली त्यापेक्षा ती फिरलेली मान नागेशभटाला लागली, असं सांगतात.

सकाळी तो घाटावर आला तेव्हा पायऱ्यांवर गर्दी होती आणि कोणीही हूं की चूं करत नव्हतं. तो होडीत डाव्या बाजूला बसला. लिंबानं होडी ढकलली आणि वल्हं हातात घेतलं. होडी डावीकडे कलली होती. समोरचा माणूस तर काटकुळा, दोन दिवसांचा उपाशी. एवढ्या रुंद होडीला त्याचं वजन कळूही नये. लिंबानं नीट पाहिलं. नागेशभटानं उपरणं कमरेला आवळून बांधलं होतं आणि त्याच्या आत काहीतरी जड, चौकोनी होतं. गंध उगाळायची सहाण होती ती.

होडीचं हे कलणं लिंबाच्या ओळखीचं होतं. आठ वर्षांपूर्वी सभेत हरलेला एक तरुण विद्यार्थी असाच बसला होता, होडी अशीच कलली होती, आणि लिंबाला ते कळलंही होतं. पण नेम होता बोलायचा नाही. मोठ्यांच्या नेमात आपण भोयानं तोंड का घालावं, म्हणून तो गप्प राहिला. अकराव्या घाटापुढच्या डोहाशी तो विद्यार्थी उठला आणि गेला. त्या डोहात उतरलेला भोईसुद्धा वर येत नाही. तेव्हापासून लिंबाला धड घास गोड लागला नव्हता. बायको म्हणे, "तुमी काय केलं त्यात?" तो म्हणे, "काय बी न्हाई केलं, त्येच तर."

आता पुन्हा तेच. डोह अकरा घाट पुढे होता. होडी वळवावी तर नागेशभट तिथेच उडी टाकेल. धरून ठेवावं, तर किती वेळ? आज नाही तर उद्या. बोलावं, तर हरलेला माणूस उत्तर देणार नाही, तोही नेमाला बांधलेला. पहिला घाट आला. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि नेम मोडला.

"म्हाराज," तो म्हणाला, "ह्यो घाट म्हनं पांडवांनी बांधला. येका रातीत."

नागेशभटानं वर पाहिलंसुद्धा नाही. पण त्याच्या कपाळाला आठी पडली.

दुसरा घाट आला. "आन् ह्या देवळात मारुती हाय," लिंबा म्हणाला. देऊळ नृसिंहाचं होतं, गावातल्या गाईगुरांनाही ते माहीत होतं. नागेशभटाचा जबडा हलला. तिसऱ्या घाटाशी वेधशाळा दिसू लागली. लिंबाच्या कपाळावरून घाम गळत होता. "आन् ततं वर बसून पंडित लोक पतंग उडवत्यात," तो म्हणाला, "सूर्व्याला बांधून."

"पतंग नव्हे, मूर्खा!" नागेशभट ओरडला. "सावली मोजतात! आणि तो मारुती नव्हे. आणि पांडवांचा या घाटाशी काडीचा संबंध नाही!"

बोलून झालं आणि त्यानं जीभ चावली. पण सोनतीर्थाचा पंडित होता तो. मरायला निघालेला असला, तरी कानावर पडलेली चूक तशीच सोडून मरणं त्याला जमलं नाही. आणि पाठशाळेतला पहिला धडा होता, की विचारणाऱ्याला उत्तराशिवाय परत पाठवू नये. लिंबानं तो धडा घाटाखालून हजार वेळा ऐकला होता.

"मंग कुणी बांधला, म्हाराज?"

नागेशभटानं सांगितलं. लिंबानं पुढचं विचारलं. नदी कुठून येते? मंदाच का म्हणायचं तिला? सावली मोजून काय मिळतं? ग्रहण लागतं तेव्हा सूर्याला दुखतं का? नागेशभट चिडत होता, कपाळावर हात मारत होता आणि उत्तर देत होता. होडी दहाव्या घाटापर्यंत जाई आणि लिंबा हळूच वल्हं फिरवून ती मागे आणी. सकाळची दुपार झाली. घाटावरचे लोक हे पाहत होते. भोयानं नेम मोडला, हरलेला बोलला, याचं काय प्रायश्चित्त होईल यावर पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली होती. त्यांच्यातला एकही जण विचार करत नव्हता, की भोयानं तोंड का उघडलं असावं.

लिंबाच्या तळहातांची सालं निघाली. त्यानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. पण खरी पंचाईत ती नव्हती. त्याच्याजवळचे प्रश्न संपत आले होते. पंडिताकडे ज्ञानाचा सागर, आणि लिंबाच्या गाठीशी मासे, दोरखंड, वारा आणि बायकोचं भांडण एवढंच. ते सगळं त्यानं विचारून टाकलं. मासा झोपतो का, हेही विचारलं. सासूच्या शिव्या पुढच्या जन्मी लागतात का, हेही विचारलं. एकदा विचारलेलंच पुन्हा विचारलं, तेव्हा नागेशभट थांबला आणि त्याच्याकडे टक लावून पाहू लागला.

"लिंबा," तो हळू आवाजात म्हणाला, "पैलतीर का येत नाही?"

घाटावर दिवे लागू लागले होते. हात गळून गेले होते, ओढीनं होडी आपोआप खाली चालली होती आणि अकरावा घाट मागे पडला होता. डोहाचं पाणी काळं, मुकं असतं. नागेशभट उभा राहिला. होडी डावीकडे कलली.

लिंबानं वल्हं पाण्याबाहेर उचललं आणि होडी जागच्या जागी फिरू लागली. त्याच्याकडे एकच प्रश्न उरला होता. तो त्यानं आठ वर्षं कोणालाही विचारला नव्हता, बायकोलाही नाही, देवालाही नाही. आणि उत्तराची त्याला मरणाची भीती वाटत होती.

"म्हाराज, येवढं येकच सांगा, मंग जावा. आठ वर्सांमागं ह्याच जागी येक पोरगं आसंच हुबं ऱ्हायलं. होडी कलली हुती. मला कळलं हुतं. नेम हाय म्हून म्या बोललो न्हाई. आता सांगा, त्येच्या मरनाचं पाप कुनाचं? त्येचं, नेमाचं, का माजं?"

आणि लिंबा ढसाढसा रडू लागला. वल्हं त्यानं तसंच उचलून धरलं होतं आणि त्याच्यावरून पाणी टपटप गळत होतं.

नागेशभटानं तोंड उघडलं. "शास्त्रात असं म्हटलं आहे..." त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. मग तो खाली बसला. त्या दिवशी शेकडो प्रश्नांची उत्तरं दिलेल्या त्या माणसानं, असं सांगतात, सोनतीर्थात कुठल्याच पंडितानं कधी न उच्चारलेले शब्द उच्चारले. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

"मंग कुनाला ठावं?"

"शोधावं लागेल. ग्रंथ पाहावे लागतील. चार जाणत्यांना विचारावं लागेल."

"शोधा, म्हाराज," लिंबा हात जोडून म्हणाला. "मला उत्तर आनून द्या. तंवर म्या ह्या होडीत दुसरा मानूस कसा घिऊ?"

नागेशभटानं कमरेचं उपरणं सोडलं आणि सहाण होडीच्या तळाशी ठेवली. होडी सरळ झाली. पैलतीर आला तेव्हा अंधारलं होतं.

पुढे तो गावोगाव फिरला. दर कार्तिकात तो पैलतीरावर येऊन लिंबाला हाक मारी आणि वर्षभरात सापडलेलं उत्तर सांगे. लिंबा ऐकून घेई, डोकं खाजवी आणि म्हणे, "न्हाई पटत, म्हाराज." की तो पुन्हा निघे. असं बावीस वर्षं चाललं म्हणे. इकडे गावानं लिंबाला नेम मोडल्याबद्दल वाळीत टाकलं, पण तो विद्यार्थी कसा गेला हे त्यानं सभेपुढे उभं राहून सांगितलं. तेव्हा ज्या गुरूंनी मान फिरवली होती, तेच पहिल्यांदा उठले आणि हरलेल्याशी न बोलण्याची रीत त्यांनी मोडून टाकली. उशीर झालाच होता. पण झालं.

काही जुने नावाडी आणखी एक सांगतात. ते म्हणतात, नागेशभटाला उत्तर त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. पाप थोडं लिंबाचंही होतं. पण रडणाऱ्या माणसाला ते सांगणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो "ठाऊक नाही" म्हणाला आणि ते उत्तर द्यावं लागू नये म्हणून बावीस वर्षं जगला. लिंबालाही ते कळलं असावं. म्हणूनच तो "पटत नाही" म्हणत राहिला. कोणी कोणाला वाचवलं, हे सगुणाबाईंना विचारलं तर त्या वल्हं पुन्हा पाण्यात टाकतात.

ती सहाण आजही पहिल्या घाटाच्या शेवटच्या पायरीत बसवलेली आहे. आजही नावाडी डोहाशी वल्हं उचलून धरतो, आणि आजही पहिल्या घाटाचं खोटं सांगितल्याशिवाय होडी पुढे जात नाही. निकालाच्या दिवसांत विद्यापीठातलं कोणी एकटंच येऊन होडीत बसतं. हल्ली कोणी सहाण बांधून येत नाही आणि मनावरच्या दगडानं होडी कलत नाही. म्हणून सगुणाबाई विचारपूस करत बसत नाहीत. त्या फक्त म्हणतात, "ह्यो घाट पांडवांनी बांधला," आणि वाट पाहतात. जो "काहीतरीच काय" म्हणतो, त्याला फेरी मारून उतरवतात. चूक ऐकूनही जो मान वर करत नाही, त्याची होडी तो बोलेपर्यंत त्या तीराला लागू देत नाहीत.

गेल्या वैशाखात एक मुलगी अशीच येऊन बसली. सगुणाबाईंनी तिला पांडव सांगितले, मारुती सांगितला, सूर्याला बांधलेला पतंग सांगितला. मुलगी पाण्याकडे बघत राहिली. चार फेऱ्या झाल्या. दुपार टळली, सगुणाबाईंचे खांदे भरून आले, दुसरे प्रवासी घाटावर खोळंबून चिडले, त्यांना त्यांनी हातानंच थोपवलं. पाचव्या फेरीला पहिला घाट पुन्हा आला, आणि त्यांनी पुन्हा पांडवांचं नाव काढलं.

मुलीनं डोळे पुसले. "मावशी," ती कशीबशी म्हणाली, "पांडव नाही हो. दीक्षित लिहिलंय तिथं."

सगुणाबाईंनी वल्हं आडवं ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"बरं झालं सांगितलंस, बाई," त्या म्हणाल्या. "आता पुढचा घाट कुणाचा, त्ये बी सांग."