काळदरीचा शेवट

"पण चाचा, एकदा पुरा झालेला सिनेमा. त्याला पुन्हा हात लावायचा हक्क कुणाला तरी आहे का?"

दिगंबर मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. हसनचाचा शेंगा फोडत होते. दाणे एका बाजूला, टरफलं दुसऱ्या बाजूला.

"मालकाला बी न्हाई?" चाचांनी विचारलं.

"मालकालासुद्धा नाही."

चाचा पुढची शेंग शोधू लागले...

एके काळी हसनचाचा जत्रेतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवत. पुढं तंबू बंद पडले, मशीन भंगारात गेलं, आणि चाचा टेकडीवरच्या दर्ग्यात झाडलोट करू लागले. तिथं ते फार कमी बोलत. आणि आपल्याकडं कमी बोलणाऱ्याला लोक सुखानं गप्प बसू देत नाहीत, प्रश्न घेऊन टेकडी चढतात.

दिगंबर खाडे हायस्कुलात इतिहास शिकवत. इतिहासात एखादा सन चुकला तर ते हसून सोडून देत. पण 'काळदरीचा वाटाड्या' या सिनेमातला एक शब्द कुणी इकडचा तिकडं केला की त्यांचं डोकं फिरे. पाच वर्षांचे असताना त्यांनी तो चाचांच्या तंबूत सात वेळा पाहिला होता. त्या सिनेमाचं त्यांनी मंडळ काढलं होतं. मंडळात बावीस माणसं होती, सगळी याच भागातली, सगळी त्याच तंबूतली.

"कॅसेट निघाली तेव्हा कंपनीनं पहिला घोळ घातला," मास्तर म्हणाले. "शेवट बदलला. खंडू वाटाड्याला पुलावरून पाडला, मारला. मी बारा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. आता नवे रंग, नवा आवाज घालून तोच खोटा शेवट परत आणलाय. आणि वर त्याचा दुसरा भाग! एक्केचाळीस वर्षांनी! दरीत पडलेला खंडू म्हणे जिवंत वर येतो. पांढरी दाढी, गुडघ्याला पट्टा."

"गुडघं दुखतात व्हय त्याचं?" चाचांनी काळजीनं विचारलं.

"चेष्टा नको, चाचा."

"चेष्टा न्हाई. माझंबी दुखतात."

मास्तर उठले, दोन फेऱ्या मारून परत बसले.

"आणि हे दोन्ही सिनेमे तालुक्याला कोण लावतंय, माहीत आहे? मुरलीधर खाडे."

मुरलीधर म्हणजे मास्तरांचा सख्खा थोरला भाऊ. तालुक्याचं थिएटर त्याचं. पाडव्यापर्यंत मास्तर त्याला दादा म्हणत. त्या दिवशी या सिनेमांवरून दोघांचं वाजलं, आणि परवा वडिलांचं श्राद्ध मुरलीधरनं एकट्यानं घातलं. मास्तरांचं पान वाढून तसंच राहिलं. ते कळल्यावर मास्तरांना वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं म्हणून माणूस हट्ट सोडतो थोडाच.

"शुक्रवारी आम्ही बावीस जण थिएटरच्या दारात आडवे होणार. खेळ होऊ देणार नाही. मग भावाचं नातं राहिलं काय, तुटलं काय."

त्यांनी खिशातून कागद काढून चाचांपुढं ठेवला. वळणदार अक्षरात लिहिलेला दाखला होता. मी, हसन बाबालाल मुल्ला, शपथेवर सांगतो की माझ्या तंबूत दाखवलेला शेवट हाच मूळचा आणि खरा...

"सही करा. तुमच्याएवढा साक्षीदार दुसरा नाही."

चाचांनी हात झटकले. कागदाला हात लावला नाही.

"शेवट सांगा मला. इसरलो मी."

मास्तरांचा चेहराच बदलला. इतिहासाच्या तासाला त्यांचा आवाज असा कधी लागत नसे.

"झुलता पूल. मागं दरोडेखोर दोर कापताहेत. खंडू पुलाच्या मध्यावर. पूल हलतो... आणि एकदम खंडू पलीकडं. कड्यावर उभा! मागं वळून बघतो, हसतो, आणि चालू लागतो. संपलं."

"पटका?"

"डोक्याला आहे ना."

"फाटका का धड?"

मास्तर खूश झाले. हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

"हेच तर मर्म आहे, चाचा! पुलावर पटका फाटलेला, रक्तानं माखलेला. आणि पलीकडं जाताच कोरा करकरीत. मृत्यूला ओलांडणारा माणूस नवा होतो, असा त्याचा अर्थ. मी यावर दहा पानी लेख लिहिलाय. मंडळानं छापलाय."

चाचांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात फिल्मचं एक वेटोळं होतं. एक टोक मास्तरांच्या हातात देऊन ते म्हणाले, "उन्हाकडं धरा."

मास्तरांनी धरलं. रंग उडून सगळं गुलाबी पडलं होतं. वरच्या चौकटींत पूल होता आणि पुलावर खंडू. वीतभर खाली पूल तुटलेला. हातभर खाली खंडू हवेत, डोक्याला फाटका पटका. त्याच्याही खाली नुसती दरी.

"हे काय आहे?"

"शेवट."

"कुणी कापला?"

"मी."

खाली रस्त्यावरून एक एसटी गेली.

"आणि तो हसणारा खंडू?"

"पयल्या रिळातला. सकाळी घरनं निघतो, बायकोकडं बघून हसतो, त्यातलाच थोडा उचलला. ब्लेडनं खरवडून जोड मारला. पटका बदलायचं काय माझ्या हातात न्हवतं."

दहा पानी लेख लिहिणाऱ्यानं फिल्म पुन्हा उन्हाकडं धरून पटका बघितला.

"प्रिंट तशीच समद्या जत्रा फिरली," चाचा म्हणाले. "कुणी विचारलं न्हाई."

"का केलंत असं? दुसऱ्याच्या सिनेमाला कात्री लावायची... का?"

"पयल्या खेळाला खंडू मेला. समदा तंबू गप झाला. एक पोरगं तेवढं रडाय लागलं. पाचेक वर्षाचं. खेळ सुटला, तंबू मोकळा झाला, तरी रडतंयच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भाऊ माझ्याकडं आला. आकराएक वर्षाचा. म्हणाला, चाचा, माझा भाऊ जेवंना. खंडूला मारू नका."

मास्तरांच्या हातातली फिल्म खाली आली.

"मी म्हटलं, लेका, मारणारा मी कोण? मी नुसतं मशीन फिरवतो. पण तो काय हलंना. दुपारपत्तोर हुबा. ऊन डोक्यावर आलं तरी हुबा. शेवटी मी रीळ काढलं."

"चाचा..."

"सांजच्याला भावाला खांद्यावर बसवून आणलं त्यानं. सांगत हुता, काल तुला झोप लागली हुती, खंडू मेला ते सपान हुतं, आता खरं बघ. त्यो खेळ दुसरा. म्हंजे तू सात न्हाई, आठ खेळ बघितलेस."

मास्तर खालच्या शेतांकडं बघत राहिले.

"ते स्वप्न मला आठवतं," ते म्हणाले. "अजून पडतं."

...

"पण मग कंपनीत आणि तुमच्यात फरक काय?" थोड्या वेळानं मास्तरांमधला मास्तर परत जागा झाला. "तुम्ही एकाच्या रडण्यापायी त्याला जगवलंत. त्यांनीही दुसऱ्या भागात जगवला. तुमचं बरोबर आणि त्यांचं चूक कसं?"

"माझं बरुबर हाय असं म्हटलं कुणी?"

मास्तरांनी दाखला उचलला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. त्यातली एक ओळही आता खोडण्यासारखी उरली नव्हती आणि ठेवण्यासारखीही.

"दादानं मला कधी सांगितलं नाही. मी बारा पत्रं लिहिली, पोस्टात टाकायला त्यालाच दिली. मंडळ काढलं, लेख वाचून दाखवला. नुसता ऐकत बसायचा."

"दर उरसाला येतो. डबा मागून घेतो. हितंच, तू बसलायस तितं बसून उन्हाकडं धरून बघतो. मग परत देतो. म्हणतो, त्याला सांगू नका."

"मग आज का सांगितलंत?"

चाचांनी फिल्मचं वेटोळं गुंडाळून डब्यात ठेवलं. झाकण नीट बसेना, ते तळव्यानं दाबून बसवलं.

मास्तर उठले. चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरून थांबले. बावीस माणसं, शुक्रवार, थिएटरचं दार, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं असावं.

"चाचा, मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ? जाऊन बोलू तरी काय?"

चाचांनी पुन्हा शेंगांचं सूप पुढं ओढलं...

"त्या दिशी तुला उगी करण्यात त्याचं रडायचं ऱ्हाऊन गेलं. आता दुसरा भाग लावायच्या आधी त्यानं बघितलाच आसंल. खंडू वर आलेला बघून रडला का, एवढं इचार त्याला."